भराव टाकण्याआधी एक चर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झालं. आपल्या मंडळातल्या अनेकांना हे दोन्ही पूर चांगलेच आठवत असतील, कारण कुणाचे आईवडील अलीकडे अडकले होते तर कुणी स्वतः पलीकडे. दर पावसाळ्यात आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ठरलेली यादी फिरते: जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ, बारवाड-कुन्नूर, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर. हे बंधारे पाण्याखाली गेले, की नद्या पात्राबाहेर आल्या असं समजायचं.

या दोन पुरांनंतर आपल्या भागात उपायांची चर्चा थांबलेलीच नाही. कुणी पूरसंरक्षक भिंत मागतं, कुणी नदीकाठी मातीचा बांध मागतं, कुणी महामार्गाचा भराव काढून पिलरचा पूल मागतं, कुणी अख्खं गाव उंचावर हलवा म्हणतं. यातलं काय योग्य हे जलसंपदावाल्यांनी सांगावं. मी बीई केलं ते कॉम्प्युटरमध्ये आणि पोट भरतो सॉफ्टवेअरवर. मला लिहायचंय ते या चर्चेत कधीच न येणाऱ्या एका छोट्या कामाबद्दल. जेसीबी लावून माती हलवण्याआधी त्या मातीत खाली काय आहे ते बघून घेणं. इंग्रजीत याला ट्रायल ट्रेंचिंग म्हणतात. आपण चाचणी चर म्हणू.

काळी आणि पांढरी

आपल्याकडे जुन्या कागदपत्रांत गावाची जमीन दोन शब्दांत सांगतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे माणसं राहतात ती जागा, गावठाण. माती पांढरी का? कारण शेकडो वर्षं त्या जागी चुली पेटल्या, राख पडली, शेणानं सारवलं, मातीच्या भिंती पडल्या आणि त्यावर पुन्हा नव्या उभ्या राहिल्या. वस्ती उठून गेली तरी ते टेकाड उरतं. त्यालाही लोक पांढरच म्हणतात. सरकारी दप्तरात अशा उजाड गावाला बेचिराग म्हणतात, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते गाव. आपले कन्नड शेजारी हाळूर म्हणतात, अर्थ तोच.

आमच्या गावालाही अशी एक पांढर आहे, नदीपासून थोडी वर. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. वाचून कुणी गुप्तधनाच्या आशेनं कुदळ घेऊन जायला नको. गेल्या दिवाळीत शेतात पांढऱ्या मातीचे ढीग दिसले म्हणून मी चुलत्यांना विचारलं, "आण्णा, ही माती कुठनं आणली तुम्ही?"

"पांढरीतनं. आज्जाच्या वेळंपासनं आणतोय. शेणखतापेक्षा भारी."

"खापऱ्या लागतात का त्यात?"

"लागत्यात की. पाटीभर. मोठमोठ्या इटाबी लागत्यात. बांधाला लावल्यात बघ."

बांधाला लावलेल्या त्या विटा मी बघितल्या. आजच्या विटेच्या जवळपास दुप्पट लांब होत्या. अशा लांबरुंद विटा दख्खनमध्ये सातवाहन काळातल्या वस्त्यांत सापडतात. आमच्या विटा नक्की कुठल्या काळातल्या हे मी सांगू शकत नाही, ते सांगायला जाणकार लागतो. पण ते टेकाड नुसतं मातीचं नाही, एवढं मला कळलं.

आता अडचण अशी, की नदीकाठी बांध घालायचा म्हटला की त्याला माती लागते, आणि गावात सगळ्यात जवळची, सरकारी पड जागेतली, कुणाच्या पिकाचं नुकसान न करता उचलता येणारी माती म्हणजे तीच पांढर. तशी बोलणी गावात सुरूही झाली होती.

पूर आणि जुनी वस्ती एकाच जागी

यात दोष कुणाचा नाही. नदीकाठी राहायचं तर पाणी जवळ हवं आणि पूर लांब. अशी जागा प्रत्येक गावाच्या शिवारात एखाददुसरीच असते. आज आपण पुनर्वसनाला उंच जागा शोधतो, बांधाला भक्कम काठ शोधतो, पुलाला अरुंद पात्र शोधतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसानंही घर, घाट आणि उतारासाठी हेच शोधलं होतं. म्हणून पुराचं कोणतंही काम जुन्या वस्तीच्या अंगावर जाण्याची शक्यता इतर कामांपेक्षा जास्त असते.

उदाहरणं लांबची नाहीत. निपाणीपासून सुमारे ४० किलोमीटरवर कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथे १९४४-४५ च्या सुमारास राजाराम कॉलेजातले कन्नडचे प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांच्या हाती काशाच्या वस्तूंचा एक साठा लागला. त्यात पोसायडन या ग्रीक-रोमन समुद्रदेवाची छोटी मूर्ती होती. पुढे १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. ग. दीक्षित यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं, तेव्हा सातवाहन काळापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक मिळाले. रोमन जगाशी व्यापार करणारं गाव पंचगंगेच्या काठी होतं, हे आपल्याला माहीत आहे ते त्या खणण्यामुळे. ब्रह्मपुरीच्या वस्तू कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहेत. पुढच्या सुट्टीत मुलांना नक्की दाखवा.

दुसरं उदाहरण बेळगावातच आहे. शहराच्या दक्षिणेला वडगाव-माधवपूर भागात १९७० च्या दशकात धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठानं डॉ. अ. सुंदर यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केलं आणि सातवाहन काळातलं मोठं गाव उजेडात आलं. वडगाव आज विणकरांची वस्ती म्हणून आपण ओळखतो. तिथून जवळच बळ्ळारी नाला जातो. त्याच्या पुरानं वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारातलं भात दरवर्षी कुजतं, आणि नाला रुंद करा, खोल करा ही मागणी जुनी आहे. ती मागणी रास्तच आहे. पण दोन हजार वर्षांच्या गावाशेजारी नाला खोल करताना पोकलेनच्या बकेटमध्ये काय येतंय, हे बघायला एक माणूस काठावर उभा असायला हवा.

इनामगावचा बांध

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून पुढे अनेक वर्षं तिथे खणलं. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं हे शेतकऱ्यांचं गाव.

तिथे घरं, चुली, धान्य साठवायची पेवं तर मिळालीच, पण आणखी एक गोष्ट मिळाली: सुमारे २०० मीटर लांबीचा खोदलेला पाट आणि त्याला लागून दगडमातीचा बांध. पुराचं पाणी वळवायचं आणि शेतीलाही द्यायचं, असा त्याचा उपयोग उत्खनन करणाऱ्यांनी सांगितला आहे. तीन हजार वर्षांपूर्वी पूर अडवायचं काम महाराष्ट्रातल्या एका खेड्यानं केलं होतं.

मला हे वाचल्यावर वाटलं, उद्या घोड नदीवर कुणी पूरसंरक्षणाचा बांध घालायला निघाला असता आणि आधी बघितलं नसतं, तर त्यानं आपल्याच आद्य पूर्वजाचं काम जेसीबीनं उकरून नव्या भरावात टाकलं असतं. कुणाला पत्ताही लागला नसता.

चर कसा घेतात

इंग्लंडमध्ये १९९० पासून बांधकामाची परवानगी देतानाच पुरातत्त्वाचा विचार करायची पद्धत रुळली, आणि खर्च काम करणाऱ्यानं सोसायचा असतो. पूरनियंत्रणाच्या कामांनाही ते लागू आहे. ऑक्सफर्ड शहराला पुरापासून वाचवायला शहराच्या पश्चिमेकडून सुमारे पाच किलोमीटरचा नवा प्रवाह काढायची योजना आहे. तिच्या तयारीतही असे चर घेतले गेले.

पद्धत साधी आहे. आधी जुने नकाशे आणि नोंदी बघतात, मग शेतातून चालून पृष्ठभागावरच्या खापऱ्या टिपतात. त्यानंतर चर. साधारण ३० ते ५० मीटर लांब आणि दोन मीटरच्या आसपास रुंद. यंत्र आपलंच, जेसीबीसारखं, फक्त बकेटला दात नसतात. दाताची बकेट माती फाडते, सपाट बकेट ती सोलते. नांगरटीचा वरचा थर पातळ पातळ काढत जायचं आणि शेजारी उभ्या असलेल्या पुरातत्त्वज्ञानं हात वर केला की थांबायचं. मग पुढचं काम थापीनं.

सोन्याची नाणी शोधण्यासाठी हे नसतं. मातीचा रंग बघायचा असतो. कुजलेल्या खांबाच्या जागी काळा गोल दिसतो. बुजवलेलं पेव वेगळ्या रंगाच्या वर्तुळासारखं दिसतं. चुलीची जागा भाजून लाल झालेली असते. पुराचा गाळ म्हणजे खापऱ्या नसलेला एकसारखा बारीक थर. फोटो, मोजमाप, चित्र, जीपीएस झालं की चर परत बुजवतात.

मग तीनच शक्यता उरतात. काही नाही, काम सुरू करा. थोडं आहे, आधी खणून नोंद करा आणि मग काम करा. फार महत्त्वाचं आहे, बांधाची रेघ थोडी सरकवा. तिसरी शक्यता क्वचितच येते. पण कामाचा नकाशा कागदावर असताना रेघ सरकवणं स्वस्त पडतं, भराव पडल्यावर नाही. आमच्या धंद्यातही हेच आहे. चूक डिझाइनमध्ये सापडली तर एक मीटिंग, प्रॉडक्शनमध्ये सापडली तर सगळ्यांची रात्र.

एक हिशेब

समजा एखाद्या गावाला दोन किलोमीटर लांब आणि पायथ्याशी २० मीटर रुंद बांध घालायचाय. क्षेत्र झालं ४०,००० चौरस मीटर. इंग्लंडमध्ये साधारण दोन ते पाच टक्के क्षेत्र चाचणीला घेतात. आपण दोनच टक्के धरू. ते होतात ८०० चौरस मीटर, म्हणजे २० मीटर लांब आणि दोन मीटर रुंद असे २० चर. दर १०० मीटरला एक. दिवसाला दोन चर धरले तर दहा दिवसांचं काम, आणि तेही उन्हाळ्यात, नदी खाली असताना.

यातून काय सुटेल? चर बांधाच्या रेघेतच घेतले तर दोन चरांमध्ये ८० मीटर अंतर राहतं. १५० मीटर पसरलेली जुनी वस्ती त्यातून निसटू शकत नाही, कुठल्या तरी चरात ती येणारच. तीन मीटर रुंदीची एकटी विहीर किंवा पुरलेला वीरगळ सहज निसटेल. चाचणी चर सगळं सापडवत नाही, मोठं नुकसान मात्र टाळतो.

आणि ज्या जागेवरून माती आणायची, तिथेही चर घ्यायला हवेत. बांधाखाली जमीन झाकली जाते, पण जिथून माती उचलली जाते तिथे ती संपते. आमच्या पांढरीचा प्रश्न नेमका हाच आहे.

"पाणी आमच्या घरात येतंय"

मी हे सगळं गावी बोललो तेव्हा चुलतभावानं मला सरळ सुनावलं. "दादा, तुम्ही पुण्यात बसून खापऱ्या जपा. पाणी आमच्या घरात येतंय."

त्याचं खरं आहे. दोन्ही पुरांत त्याच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. जनावरं सोडून द्यावी लागली, तांदळाची पोती गेली, भिंत खचली. त्याला थांब म्हणायचा मला अधिकार नाही. चाचणी चरामुळे बांध एक पावसाळा जरी लांबणार असेल, तर मी चराच्या बाजूनं बोलणार नाही.

पण सिव्हिलमधल्या एका मित्राकडून दोन गोष्टी कळल्या, त्या मी भावाला सांगितल्या. पहिली, पांढरीची माती शेताला चांगली असली तरी भरावाला वाईट. राख, शेण, कुजलेला पालापाचोळा आणि खापऱ्या मिसळलेली भुसभुशीत माती नीट दाबली जात नाही, पाणी धरत नाही. दुसरी, बांध जर जुन्या वस्तीवरून गेला तर खाली बुजलेली पेवं, आड, खड्डे असतात. तिथली माती मऊ असते. पुराचं पाणी अशाच जागेतून बांधाच्या खालून वाट काढतं आणि आतल्या बाजूला झरा फुटतो. बांध वरून फुटतो तसा खालूनही फुटतो.

तिसरी गोष्ट माझी. नदीची पातळी मोजल्याच्या नोंदी बहुतेक ठिकाणी काही दशकांच्याच असतात. जमिनीत साठलेला गाळ त्याहून जुनी नोंद ठेवतो. पुणे विद्यापीठाचे प्रा. विश्वास काळे यांनी नर्मदा आणि तापीच्या खोऱ्यात गाळाच्या थरांवरून शेकडो वर्षांपूर्वीच्या महापुरांचा अभ्यास केला आहे. आपल्या पांढरीच्या उतारावर चर घेतला आणि गाळाचा थर कुठल्या उंचीपर्यंत चढलाय ते दिसलं, तर बांध किती उंच हवा याचा एक पुरावा फुकट मिळेल.

भाऊ थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मंग पावसाआधी करा म्हणावं. आणि माती दुसरीकडनं आणा."

मला एवढंच हवं होतं.

कायदा कुठे पोचतो

१९५८ चा केंद्राचा प्राचीन स्मारक कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती यांनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण आहे. कर्नाटकाचा स्वतःचा कायदा १९६१ चा. बेळगाव किल्ल्यातली कमल बस्ती किंवा हलशीची देवळं यांना असं संरक्षण मिळतं. पण ज्या टेकाडाचं नाव कुठल्याच यादीत नाही, त्याला हे कायदे पोचत नाहीत, आणि गावोगावच्या पांढरी बहुतेक याच वर्गात येतात.

मोठ्या धरणांच्या वेळी आपल्या देशानं मोठी कामं केली आहेत. नागार्जुनसागर धरणात बुडणाऱ्या नागार्जुनकोंड्याला १९५४ ते १९६० अशी सहा वर्षं खणलं, आणि काही वास्तू उचलून उंचावर पुन्हा उभ्या केल्या. आपल्या जवळच्या हिडकल धरणात मात्र हुन्नूरचं विठ्ठल मंदिर पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते उघडं पडतं आणि लोक दर्शनाला जातात. देऊळ निदान दिसतं तरी. ज्या गावात ते होतं, त्या गावाच्या मातीत काय होतं हे आता बघता येणार नाही.

आपण काय करू शकतो

आपल्यातले बरेच जण गावाबाहेर स्थिरावलेत, पण गावी शेत आहे, घर आहे, ग्रामसभेत आपलं ऐकणारं माणूस आहे. म्हणून काही सोप्या गोष्टी सुचवतो.

गावी गेलात की वडीलधाऱ्यांना पांढर, जुनं गाव, हाळूर, बेचिराग ही नावं विचारा. जागा बघा. मोबाइलवर कर्नाटक सरकारचं दिशांक ॲप आहे, उभं राहाल तिथला सर्व्हे नंबर त्यात मिळतो. तो टिपून ठेवा. वीरगळ, सतीशिळा, मोठ्या विटा दिसल्या तर जागेवरच फोटो काढा, शेजारी मोजपट्टी किंवा निदान पेन ठेवून. १८८४ सालचं बेळगावचं इंग्रजी गॅझेटिअर नेटवर वाचायला मिळतं, त्यात तुमच्या गावाबद्दल काही आहे का ते बघा.

स्वतः खणू नका आणि काही उचलून आणू नका. उत्खननाला परवानगी लागते. शिवाय जागेवरून हललेल्या खापरीची अर्धी माहिती तिथेच संपते. जमिनीत दडलेलं मौल्यवान काही सापडलं तर १८७८ च्या कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हेही लक्षात ठेवा.

आणि पुराचं काम मंजूर होत असेल तर एक मागणी जरूर करा. बांधाच्या पायासाठी इंजिनिअर मातीचे खड्डे आणि बोअर घेतातच. त्या दिवशी पुरातत्त्वाचा एक विद्यार्थी किंवा प्राध्यापक तिथे हजर राहू दे. धारवाडला विद्यापीठ आहे, पुण्याला डेक्कन कॉलेज आहे. यासाठी वेगळं यंत्र लागत नाही, वेगळा दिवसही लागत नाही.

आमच्या गावातून आम्ही गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीला एक पानी अर्ज दिला. बांध लवकर व्हावा ही पहिली मागणी आहे. पांढरीतली माती भरावाला घेऊ नये ही दुसरी. आणि बांधाच्या रेघेवर पावसाळ्याआधी चाचणी चर घ्यावेत ही तिसरी. अर्ज मराठीत आणि कन्नडमध्ये आहे, त्यावर ४३ सह्या आहेत. चुलतभावाची सही आहे. आण्णांनी अंगठा उमटवला आणि वर विचारलं, "मंग शेताला माती आणू का नको?"

तूर्त नको, असं त्यांना सांगितलंय. तुमच्या गावालाही पांढर असेल तर तुमचा अर्ज लिहायला मी मदत करीन. मंडळाकडे निरोप ठेवा.